काठ पाहणाऱ्या बाई

बाईंनी माझ्या तोंडाकडे पहिल्यांदा कधी पाहिलं ते मला सांगता येणार नाही, पण पायाकडे कधी पाहिलं ते पक्कं आठवतं. संशोधनाला जागा आहे असं कळलं म्हणून मी त्यांच्या प्रयोगशाळेत विचारायला गेले होते. इस्त्रीचा ड्रेस, हातात फाईल, घरून पाठ करून आणलेलं इंग्रजी. बाई स्टुलावर बसून डब्यातला चीला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, खात होत्या. सुती साडी, खाली पुरुषांचे वाटावेत असे कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात जाड दोऱ्याला बांधलेलं सोनाराचं भिंग. त्यांनी माझ्या सँडलकडे पाहिलं, मग टाचेकडे, आणि म्हणाल्या, "उजव्या पायावर जोर देऊन चालून राहिली तू. काहून?"

"सँडल चावते, मॅडम."

"मंग घातली काहून?"

झाला इंटरव्ह्यू. पाठ केलेलं इंग्रजी घशातच राहिलं. मग त्यांनी विचारलं, "मराठी हाय ना? कोणत्या पाऱ्यातली?" पारा म्हणजे आमच्याकडे मोहल्ला; मी म्हटलं, ब्राह्मणपारा. "घराणं इकडं चालत आलेलं का इथंच वाढलेलं?" मी म्हटलं, मराठ्यांच्या राज्यापासून इथंच, या हिंदी मुलखात आहोत. "म्हणजे वाढलेले," त्या चीला गिळून म्हणाल्या. "आम्ही चालत आलेलो. वर्ध्याकडून. बाप रेल्वेत होता माहा." असं म्हणाल्या की जणू माणसांच्या दोनच जाती जगात आहेत. नंतर कळलं, त्यांच्या लेखी खरंच दोनच होत्या.

कॉलेजात सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, आम्ही दोन-चार मराठी पोरी बाई म्हणायचो. लिहिताना मी आता मला-तुला लिहिते, कारण शाळेत तसं शिकवलं. पण बाईंसमोर मी एकदा "मला वाटतं" म्हटलं तर त्या म्हणाल्या, "पुण्याहून कधी आली?" तेव्हापासून त्यांच्यापुढे मले-तुले.

बाईंचा विषय होता, पेशी कशा चालतात. शरीरातल्या पेशी चालतात हेच मुळात बहुतेकांना ठाऊक नसतं. आईच्या पोटात असतानाच पेशी आपापल्या जागी चालत जातात, म्हणून नाक नाकाच्या जागी येतं. जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्या मागावर निघतात. कातडी कापली की काठावरच्या पेशी सरकत येऊन घाव झाकतात. आणि कॅन्सर झाला की ज्यांनी जागेवर बसायला हवं त्या उठून भलतीकडे निघतात. "चालणं वाईट नसते," बाई म्हणायच्या, "कोण चाललं अन् कुठी चाललं ते विचारा."

आमचं काम ऐकायला पोरखेळ वाटेल. प्लास्टिकच्या चपट्या डिशमध्ये गुलाबी पाण्यात पेशी वाढवायच्या. त्या तळाला चिकटून, एकमेकींना खेटून, फरशी बसवल्यासारख्या पसरतात. मग बारीक टोकानं मधोमध एक ओरखडा काढायचा. तेवढा पट्टा रिकामा होतो. आणि मग सूक्ष्मदर्शकातून पाहत बसायचं. काठावरच्या पेशींना कळतं की शेजारी कुणी राहिलं नाही. त्या रिकाम्या बाजूला एक चपटा पाय पसरतात, तो टेकवतात आणि मागचं अंग ओढून घेतात. पुन्हा पाय, पुन्हा ओढ. दोन्हीकडून अशा येत येत त्या मधे भेटतात आणि ओरखडा बुजतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी तोंडात बोट घातलं होतं. बाई मागून ओरडल्या, "तोंडातलं बोट काढ! ग्लोव्ह हाय ना ते?"

मधलं काय पाहता, असं त्या नेहमी म्हणायच्या. मधे काहीच नसतं. काठ पाहा. जे व्हायचं ते काठावर होते.

ही काठाची सवय त्यांनी प्रयोगशाळेबाहेरही सोडली नव्हती. ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीतून गणपतीची मिरवणूक निघाली की सगळे गणपती पाहायचे, बाई ओट्यावर उभ्या राहून गर्दीच्या कडेची माणसं पाहायच्या. बाजारात वांगी घेताना भिंग डोळ्याला लावून देठ तपासायच्या. भाजीवाली शेवटी कंटाळून म्हणाली, "दीदी, ऐसे मत देखो, भाजी डर जाथे." बाईंना हे इतकं आवडलं की नंतर कुणी विद्यार्थी त्यांना घाबरला की त्या त्याला भाजी म्हणायच्या. मी पहिलं वर्षभर भाजीच होते.

पहिल्या वर्षीच माझा ओरखडा एका दिवसात बुजला. इतरांचे बुजायला कितीतरी जास्त वेळ लागायचा आणि माझा सकाळी पाहते तर गायब! मी धावत जाऊन पेढे आणले. सगळ्या मजल्यावर वाटले. बाईंनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "तू पाहिलं?"

"हो ना बाई, पूर्ण भरलं."

"मले दाखव."

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी डिश काठाकाठानं फिरवली. मग मान वर न करता म्हणाल्या, "चालून आल्या का वाढून भरल्या?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि दाखवलं. जागा दोन तऱ्हांनी भरते. एक तर काठावरच्या पेशी चालत येतात. नाहीतर त्या चालत नाहीतच, मागच्या मागे फुटून एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात आणि गर्दीनं जागा भरून टाकतात. वरून पाहिलं तर दोन्ही सारखंच. मी उत्साहाच्या भरात त्यांना पोषण जास्त घातलं होतं. पेशी खाऊन खाऊन वाढल्या होत्या. फुटायचं बंद करणारं औषध घालून प्रयोग पुन्हा केला तर माझ्या पेशी काठावर ढिम्म बसून राहिल्या. पाऊल म्हणून उचललं नाही एकीनं.

"भरलं दिसते म्हणून बरं झालं असं नसते," बाई म्हणाल्या. "पेढा मस्त होता पण. पंडरी बाजारातला का?"

काय सांगू, तळपायाची आग मस्तकात गेली होती माझी. पण त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आणि "तू पाहिलं? मले दाखव" हे तर आमच्या मजल्यावरचं भजनच होतं. कुणी काहीही सांगो, बाई दुसऱ्याच्या डोळ्यावर विश्वास ठेवायच्या नाहीत. दिवाळीच्या दिवशी मी फोनवर सांगितलं की फोटो चांगले आलेत, तर बाई रेशमी साडी आणि तेच कॅनव्हासचे बूट घालून ई-रिक्षात बसून हजर. चौकीदारानं विचारलं, "आज भी, मैडम?" तर म्हणाल्या, "हव भैया, आज भी. पेशीले कुठी माहीत हाय दिवाळी?" अर्धं त्याला कळलं, अर्धं नाही, पण त्यानं कुलूप उघडलं.

मला हा त्यांचा अविश्वास फार लागायचा. आपण काही खोटं बोलतो का? एकदा फ्लास्क धुताना मी विचारलंच. बाईंनी नळ बंद केला. मग म्हणाल्या, "माही मोठी बहीण छातीच्या कॅन्सरनं गेली. गाठ काढली, टाके सुकले. सगळे म्हणे सुटली. मी पण म्हटलं, सुटली. अन् त्या पेशी कधीच्याच चालत पाठीच्या कण्यात जाऊन बसल्या होत्या. सगळे म्हणत होते गं, पाहिलं कोणीच नव्हतं." एवढंच. पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही आणि मीही पुन्हा तक्रार केली नाही.

आता त्यांच्या कमरेविषयी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाईंची कंबर वाकत नाही अशी आमची ठाम समजूत होती. देवळात जायच्या, पण ताठ उभ्या राहून हात जोडायच्या आणि परत. कॉलेजात कोणी बडे साहेब आले, सगळा स्टाफ धनुष्यासारखा वाकला, बाई खांबासारख्या उभ्या. खाली पडलेलं पेनही त्या पायानं सरकवून भिंतीशी न्यायच्या आणि कुणालातरी उचलायला लावायच्या. गुरुपौर्णिमेला आम्ही नारळ घेऊन रांगेत उभ्या राहिलो तर बाईंनी दोन्ही पाय स्टुलावर वर घेतले आणि मांडी ठोकली. "आता पडा पाया! कुठी पडता?" पाया पडवून घ्यायच्या नाहीत आणि पडायच्याही नाहीत. "पायाले हात लावायचा तो तपासाले," असं त्यांचं मत.

माझ्या बाबांचं बरोबर उलटं. बाबा पंडरीत साड्यांच्या ठोक दुकानात उभं आयुष्य घालवलेले. तिथं पांढऱ्या गादीवर चप्पल घालून कुणी चढत नाही. दिवसभर अनवाणी उभं राहून साड्या उलगडायच्या, फेकायच्या, पुन्हा घडी घालायच्या. आणि माणूस असा की लहान पोरानंही नमस्कार केला तर हात वर करून पूर्ण आशीर्वाद दिल्याशिवाय पाऊल हलवणार नाही. वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरणार नाही, पाहुण्यांकडे तळवा करणार नाही. आमच्या घरी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलं तर अजून डोळे वटारतात.

बाबांना साखरेचा आजार जुना. पायाला मुंग्या यायच्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या. पायाला काही कळेनासंच झालं होतं, आणि आम्हाला वाटलं त्रास गेला. एक दिवस साडीच्या लेबलाची टाचणी गादीत पडलेली होती, ती त्यांच्या तळव्यात, अंगठ्याच्या खालच्या उशीत घुसली. ते संध्याकाळपर्यंत तिच्यावर उभे होते. घरी आल्यावर फरशीवर लाल ठिपके दिसले तेव्हा आईनं पाय उलटा करून पाहिला. "बाप्पा! अवो, हे काय घेऊन आले तुम्ही पायात?" बाबा म्हणाले, "काय हाय?" त्यांना पत्ताच नव्हता.

ती जखम काही केल्या भरेना. डॉक्टर झाले, ड्रेसिंग झाली, गोळ्या झाल्या. बाबा घरी बसून होते आणि घरी बसलेले बाबा म्हणजे आईच्या नाकी नऊ. मग हळूहळू जखम सुकली. पाणी थांबलं. वरून घट्ट, पिवळसर झाकण आलं. बाबांनी स्वतःच दवाखाना बंद करून टाकला. लग्नसराई तोंडावर होती, दुकानातून रोज फोन येत होते. सोमवारी गादीवर चढायचं ठरलं. आईनं पुरण घातलं. मी डबाभर पुरणपोळ्या घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि म्हटलं, "बाई, बाबांची जखम भरली."

तुम्ही ओळखलंच असेल. पोळी हातात, तूप बोटांवरून खाली, आणि बाई म्हणाल्या, "तू पाहिलं?"

"हो, पाहिलं."

"चालून आल्या का वाढून भरलं?"

माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "बाई, तो माह्या बापाचा पाय हाय! डिश नाही!"

बाई चिडल्या नाहीत. पोळी डब्यात परत ठेवली, बोटं पुसली. "म्हणूनच विचारून राहिली ना, पोट्टे. हात लावून पाहिला? कसा लागते?"

"कडक," मी म्हटलं. "एकदम टणक."

त्यांचा चेहरा बदलला. "नवी चामडी कडक नसते गं. पातळ असते. गुलाबी. साखरेच्या घावाचा काठ असाच बदमाश. पेशी चालत नाही, जागच्या जागी थरावर थर वाढतात. वरून झाकण, खाली पोकळ. त्याच्यावर उभा राहिला माणूस तर आत काय होईन?" मला ते ठाऊक होतं. मीच ते शिकत होते. पण घरच्या माणसाचा पाय आपण घरच्यासारखाच पाहतो.

त्याच संध्याकाळी बाई घरी आल्या. बाबांनी घाईघाईनं लुंगीवर शर्ट चढवला, मांडी घातली आणि पाय पार खाली दडवला. आईनं चिवडा दिला. बाई म्हणाल्या, "दादा, पाय दाखवा."

बाबा कानाला हात लावून म्हणाले, "काय बोलता मॅडम! तुम्ही माह्या पोरीच्या गुरू. तुमच्यापुढे पाय करू? पाप लागन मले."

"डॉक्टरपुढे करता ना?"

"ते डॉक्टर. तुम्ही गुरू."

"मंग डॉक्टरकडे चला, उद्या."

"सोमवार गेल्यावर पाहू जी. सराई हाय."

मी समजावलं, आईनं समजावलं, माझा भाऊ हिंदीत समजावून थकला. "पापा, दिखा दो ना, दो मिनट का काम है." बाबा मांडी सोडायला तयार नाहीत. मी बाबांना आतल्या खोलीत नेलं, तळव्याचा फोटो काढून बाईंना दाखवला तर बाई म्हणाल्या, "फोटोत दाबता येते का?" मी आत जाऊन स्वतः दाबला. बाबांना काही कळलं नाही आणि मलाही टणकपणापलीकडे काही लागलं नाही. कुठं दाबायचं, किती दाबायचं, तेच माझ्या हाताला माहीत नव्हतं. बाई चिवडा संपवून, ताठ, दारातून निघून गेल्या. मला वाटलं, अपमान झाला त्यांचा. झोप लागली नाही मला. बाबा सोमवारी गादीवर जाणार, दिवसभर त्या पायावर उभे राहणार, आणि त्यांना काही दुखणारही नाही. दुखलं असतं तर थांबले असते! असे पाय कापावे लागतात, हे मला ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी बाबा आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, धुतलेला पांढरा शर्ट घालून दारात उभे होते. चप्पल घालणार तेवढ्यात समोर ई-रिक्षा थांबली. बाई उतरल्या. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे.

"या मॅडम," बाबा म्हणाले. "निघून राहिलो होतो."

"जा ना," बाई म्हणाल्या. "कोण अडवते? एक विचारायचं होतं फक्त. वय काय तुमचं, दादा?"

"साठी झाली मागच्या दिवाळीत."

"माही यायची हाय अजून. म्हणजे तुम्ही मोठे."

"हो जी. मोठाच म्हणायचा."

"मंग चांगल्या कामाले निघाले तर धाकटीनं नमस्कार नको करायले?"

आणि ती कंबर वाकली. कॉलेजातला एकही साहेब जिला वाकवू शकला नव्हता ती कंबर आमच्या उंबऱ्यात सरळ खाली गेली, गुडघे टेकले, कपाळ बाबांच्या पायाशी. बाबांचा हात आयुष्यभराच्या सवयीनं आपोआप वर गेला. नमस्कार करणाऱ्या धाकट्यापुढून पाय मागं घ्यायचा नसतो, त्यांच्या आईनं शिकवलेलं. "सुखी रा..." एवढं ते म्हणेपर्यंत बाईंनी दोन्ही हातांनी त्यांचा घोटा पकडला होता.

"अरे अरे अरे! मॅडम, सोडा!"

"नाही सोडत."

बाबा डगमगले, माझ्या खांद्यावर आले, आणि मी त्यांना मागच्या दिवाणावर बसवलं. बसवलं म्हणजे ढकललंच. बाई फरशीवर मांडी घालून बसल्या, बाबांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, भिंग डोळ्याला लावलं. बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. बाईंनी झाकणाच्या कडेशी अंगठा ठेवला आणि सावकाश दाबला. कडेच्या बारीक भेगेतून गढूळ पाण्याचा एक थेंब बाहेर आला. मग दुसरा. वास आला तशी आईनं पदर नाकाला लावला आणि तिथंच रडायला लागली.

"दादा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता, "भरलं नाही हे. वाढलंय फक्त. आत पोकळ हाय. चला माह्यासंग."

बाबांनी तोंडावरचे हात काढले. आपल्या पायाकडे, मग त्यांच्या मांडीकडे पाहिलं. "साडी खराब झाली तुमची," ते म्हणाले. आणि उठले. त्याच ई-रिक्षातून आम्ही दवाखान्यात गेलो.

सर्जननी वरचं टणक झाकण कापून काढलं तेव्हा खाली अख्खं बोट जाईल एवढा खळगा निघाला. हाड जवळच होतं, पण हाडाला लागलं नव्हतं. "आज खड़े रहते दिनभर, तो ये पैर मैं नहीं बचा पाता," त्यांनी बाबांना स्पष्ट सांगितलं. मग पाय साफ करून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, म्हणजे चालताना जोर त्या जागेवर येणार नाही. लग्नसराई बाबांविना झाली. बाबा खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांच्या साड्यांचे भाव सांगत बसायचे आणि आई म्हणायची, गुपचूप बसा, कोणी ऐकन.

दर आठवड्याला प्लास्टर बदलायला नेलं की बाई तिथं आधीच पोचलेल्या असायच्या. सर्जन पहिल्यांदा म्हणाले, "मैडम, आप बाहर बैठिए." बाई म्हणाल्या, "मैं बीच का नहीं देखूँगी, सिर्फ किनारा देखूँगी." सर्जननी हात टेकले. पुढं पुढं तर तेच विचारायला लागले, "किनारेवाली मैडम आईं क्या?" आणि दिवा त्यांच्यासाठी काठाकडे वळवून ठेवायला लागले. काठ आठवडेच्या आठवडे तसाच बसून होता. बाई दर वेळी पाहायच्या आणि निघून जायच्या. बाबा आता त्यांना पाहिलं की स्वतःच टेबलावर आडवे होऊन पाय पुढं करायचे, पण तोंड मात्र भिंतीकडे. लाज सुटली नव्हती, हट्ट सुटला होता.

एका आठवड्यात बाई वाकून पाहत होत्या त्या पाहतच राहिल्या. मग मला हाक मारली. "ये. पाह्य." आणि गळ्यातला दोरा काढून भिंग माझ्या हातात दिलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते कुणाच्या हातात दिलेलं मी पाहिलं नव्हतं. खळग्याच्या कडेनं एक पट्टी होती. दुधावर साय धरायला लागते तेवढी पातळ, गुलाबी, चमकणारी. आदल्या आठवड्यात ती तिथं नव्हती.

"चालून आल्या," मी म्हटलं.

"हव," बाई म्हणाल्या. "चालून आल्या."

मी तिथंच हुंदके द्यायला लागले. बाबा विचारत होते, काय झालं, सांगा ना कोणी. बाई म्हणाल्या, "रडायचं तर बाजूले होऊन रड. भिंग ओलं होऊन राहिलं."

पाय वाचला. पूर्ण, पाचही बोटांसकट. बाबा पुन्हा दुकानात गेले, पण डॉक्टरांनी दिलेले मऊ बूट घालून, आणि ते बूट घालूनच गादीवर चढले. पंडरीत याची चर्चा झाली. मालक पहिल्या दिवशी बोलणार होते, पण बाबांनी टाचणीची गोष्ट सुरू केली आणि ती अशी रंगवली की त्या आठवड्यात दुकानातल्या म्हाताऱ्यांनी सगळ्यांनी आपापले तळवे आरशात पाहून घेतले.

माझी पदवी झाली, मी शिकवायला लागले. बाई निवृत्त झाल्या आणि अभनपुरला, जिथं भाची शाळेत शिकवते, तिथं राहायला गेल्या. मागच्या काही वर्षांत त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. कडेकडेचं दिसतं, नेमकं मधलं दिसत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गलबलून गेले. बाई मात्र फोनवर म्हणाल्या, "मधे काय असते पाहायले? काठ दिसते ना." पण भिंगातून आता त्यांना काही दिसत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी दोरा गळ्यात असतोच.

बाबा महिन्या-दोन महिन्यांनी मला घेऊन बसनं अभनपुरला जातात. परवाही गेलो. भाचीनं दार उघडलं, बाई खुर्चीत बसल्या होत्या. बाबांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. समोरच्या स्टुलावर बसले, बूट काढला, मोजा काढला आणि तळवा सरळ बाईंच्या दिशेनं करून पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. भाची पाहतच राहिली. आमच्या घरात पाहुण्यांसमोर पाय लांब करून बसलं म्हणून मी लहानपणी याच बाबांचा मार खाल्लेला आहे.

बाईंनी अंगठा जुन्या जागेवरून फिरवला. कडेकडेनं, सावकाश, दाबत दाबत. मग भिंग उचललं, डोळ्याला लावलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि खाली सोडून दिलं.

"पोट्टे," त्या म्हणाल्या, "तू पाहिलं?"

मी खाली बसून पाहिलं. नीट पाहिलं, कडेनं, उजेडाकडे पाय वळवून, जसं त्यांनी शिकवलं होतं तसं. "पाहिलं बाई. काठ पातळ हाय. मऊ. कुठी भेग नाही, कडकपणा नाही."

मी सवयीनं थांबले. पुढचं "मले दाखव" मला पाठ होतं.

"मंग झालं," बाई म्हणाल्या, आणि बाबांचा मोजा चाचपडत शोधायला लागल्या.